बोईसरचं तिकीट

समुद्र बघायला गेला होतास का, असं आल्यापासून गल्लीतल्या प्रत्येकानं मला विचारलंय. समुद्र बघितला की. पण मी गेलो होतो माणसं ऐकायला. दीड वर्षं ज्यांना रोज वाचत होतो आणि ज्यांचा आवाज एकदाही कानावर पडला नव्हता, अशी माणसं. हे सगळं तोंडानं सांगायचं तर चहाला आलेल्या माणसाला जेवूनच जावं लागेल, म्हणून लिहून काढतो. लिहिताना मी अडखळत नाही. आणि लिहिताना मला कुणी थांबवूही शकत नाही, हे वाचणाऱ्यानं आधीच लक्षात घ्यावं.

मी तोतरा आहे, अगदी लहानपणापासून. प आणि ब या दोघांशी माझं विशेष वाकडं आहे. सोलापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, हँडबिलं, वाढदिवसाची पोस्टरं असली कामं. दुकानातल्या काँप्युटरला मोडेम जोडला तेव्हा इंटरनेटवर चाचपडता चाचपडता एक मंडळ सापडलं, तोतऱ्या मराठी माणसांचं. नाव ‘अडखळे मंडळ’, आणि हे नाव मंडळानं स्वतःच स्वतःला दिलेलं. एकानं ई-मेल टाकायची, ती सगळ्यांना जायची, मग सगळे तुटून पडायचे. भाषा मराठी पण अक्षरं इंग्रजी, त्यामुळे वाचताना डोळ्यांचा भुगा व्हायचा. तरी काय सांगू, सकाळी दुकान उघडलं की उदबत्ती लावायच्या आधी मी मेल बघायचो.

मंडळानं मला पुष्कळ शिकवलं. नागपूरच्या एका निवृत्त मास्तरांनी सांगितलं, फोन उचलल्याबरोबर आपणच म्हणावं, मी अडखळतो, जरा दम धरा. मग समोरचाही घाबरत नाही आणि आपणही. अमेरिकेतल्या एका बाईंनी लिहिलं, हॉटेलात बोलता येतं ते नाही, खायचंय ते मागायचं. हे वाचून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. जन्मभर मी हॉटेलात शिरा खात आलोय, आणि मला आवडतात पोहे.

पण खरा प्रश्न पोह्यांचा नव्हता. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. तिचं नाव पल्लवी. बारशाला माझ्या बहिणीनं ते सुचवलं, आणि मी ‘नको’ म्हणायच्या आत पाळणा हललासुद्धा. मी तिला छकुली म्हणतो. ती बोलायला लागली तशी घरात जो तो मला सांगायला लागला, तिच्यासमोर फार बोलू नकोस, पोरं ऐकून उचलतात. आईनं सांगितलं, सासूबाईंनी सांगितलं, शेजारच्या कंपाउंडरनं तर न विचारता सांगितलं. मला ते पटलं. मी घरात मानेनं आणि बोटानं बोलायला लागलो. ये, जा, शाब्बास, एवढ्यावर माझं बापपण चाललं होतं. क्वचित तोंड उघडलंच तर माझं वाक्य माझ्याआधी पोरगीच संपवायची, इतकी ती तयार झाली होती.

दिवाळीनंतर एकदा ती म्हणाली, बाबा, तुम्ही गोष्ट सांगा. मी शैलाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, बोट दाखवलं. पोरगी हलली नाही. तिथंच उंबऱ्यावर बसून राहिली. मला जेवण गेलं नाही. त्या दिवशी मंडळाला मी एका ओळीत विचारलं, मुलीशी बोलू की नको?

उत्तरांचा ढीग पडला. बोला म्हणणारे निम्मे, सांभाळून म्हणणारे निम्मे. बोईसरजवळ राहणाऱ्या मोहनची तेवढी एकच ओळ होती: इकडे या, बघा, मग ठरवा. मी जानेवारीत बॅग भरली.

उमरोळी

मुंबईचा आणि पुढे विरारपर्यंतचा प्रवास तुमच्या माथी मारत नाही. विरारला उतरून डहाणूकडे जाणाऱ्या शटलचं तिकीट काढायचं होतं, आणि घोळ झाला तो तिथल्या खिडकीशी. आजवर मी खिडकीत चिठ्ठी सरकवत आलो. या खेपेला चिठ्ठी नाही, असं घरून निघतानाच ठरवलं होतं. रांगभर मनातल्या मनात ‘बोईसर’ म्हणत आलो, आणि मनातल्या मनात ते इतकं झकास येत होतं म्हणता! खिडकीशी पोचलो आणि ओठ मिटले. डिंकानं चिकटवल्यासारखे. मागचा माणूस चुळबुळायला लागला. आतल्या बाबूनं “कुठं?” म्हणून दुसऱ्यांदा विचारलं, आणि माझ्या तोंडून खाडकन बाहेर पडलं, “उमरोळी.” भिंतीवरच्या पाटीवर बोईसरच्या आधीचं नाव होतं ते. जीभ कशी लोण्यावरून घसरावी तसं आलं.

उमरोळी म्हणजे बोईसरच्या एक स्टेशन अलीकडे. तिकीट तिथलं म्हणजे उतरणंही तिथंच आलं, कारण तिकीट तपासनीसाशी हुज्जत घालणं हा छंद मला परवडणारा नाही. गाडीत मी स्वतःवर चरफडत बसलो होतो. तरी खिडकीबाहेर बघितल्याशिवाय राहवेना. मिठागरं गेली, ताडाची झाडं गेली, भात कापून झालेली खाचरं गेली. आमच्याकडे या दिवसांत ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते. इथं रान कसं नुकतीच हजामत केल्यासारखं, आणि तरी कडेकडेनं हिरवं. पालघरला निम्मा डबा उतरला. मग उमरोळी आलं.

फलाटावर चारदोन माणसं उतरली आणि पांगली. आता बोईसरला मोहन खोळंबला असणार, त्याला फोन लावायचा म्हणजे आणखी एक संकट, या विचारात मी उभा. तेवढ्यात बाकावरचा एक सडपातळ, चौकड्याच्या शर्टातला माणूस उठून माझ्यासमोर आला. त्यानं तोंड उघडलं. मान एका बाजूला गेली, डोळे मिटले गेले, आणि शब्द काही येईना.

मी ओळखलं. नुसतं ओळखलंच नाही, तर त्याचं वाक्य घाईनं पुरं करून टाकावं म्हणून माझी जीभ शिवशिवायला लागली. म्हणजे जगभरच्या लोकांना माझ्याबाबतीत जे होतं ते मला होत होतं. पण मंडळाला नियम असा एकच आहे, कुणी कुणाचा शब्द पुरा करायचा नाही. मी थांबलो. गाडी सुटली, शेवटचा डबा दिसेनासा झाला.

“सो... सोलापूर?” मोहन म्हणाला.

मी मान हलवली. मग सवडीनं विचारलं की आपलं बोईसरला भेटायचं ठरलं होतं, तुम्ही इथं कसे?

“ब येत नाय, असं तुमीच लिवलेलं,” तो म्हणाला. त्याचे सगळेच शब्द अडत अडत येत होते, ते मी इथं सरळ करून लिहितोय. “मी पालघरला कॉलेजात होतो ना, तवा येताना उमरोळीचाच तिकीट काढायचो. इथून घरी चालत. म्हटलं, तुमी पण इथंच उतराल.”

मी मटकन बाकावर बसलो. असला गाढवपणा करणारा जगाच्या पाठीवर मी एकटाच, अशी माझी बालपणापासूनची खात्री. आणि इथं चारशे-पाचशे किलोमीटरवर एक माणूस माझ्या चुकीच्या स्टेशनवर मला घ्यायला येऊन बसला होता. मला रडू आलं, ते मी शिंक आल्यासारखं केलं. मोहननं ते ओळखून स्कूटरची किल्ली शोधायला भरपूर वेळ घेतला.

बेटेगाव

मोहनचं घर बेटेगावात, बोईसरला लागूनच. भातशेतीचं जुनं कुटुंब. आता मोहन तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी करतो. कौलारू घर, मागं वालाचे वेल. रंजनावहिनींनी अंगणात मडकं उपडं घालून भोवती जाळ केला होता. उकडहंडी म्हणतात त्याला. कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा, वांगी, सगळं आपापल्या वाफेवर शिजतं. जांभळं कोनफळ मी पहिल्यांदाच बघितलं आणि कुणीतरी रंगाच्या कारखान्यातून आणलं की काय असं वाटलं. चव मात्र अशी की बोलायला नको, म्हणजे आमच्या सोयीचीच. मी नेलेली शेंगाची चटणी वहिनींनी चिमूटभर तोंडात टाकली आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी चिमूट घेतलीच.

तेवढ्यात मोहनची मुलगी शाळेतून आली. निशा, आठ वर्षांची, दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं. दप्तर टाकलं आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“का... का... काका, तु... तुमच्या गावात समुद्र नाय?”

हातातला घास हातात राहिला. म्हणजे आई म्हणत होती तेच खरं, पोरं उचलतात. बापानं दिवसरात्र बोलून पोरीचं हे करून ठेवलं. मोहननं मला हेच दाखवायला बोलावलं असेल, तर बघून झालं होतं. रात्रीची गाडी धरून परत जावं आणि उरलेला जन्म मानेनं बोलावं.

पण गाडी लगेच नव्हती, आणि निशा थांबायला तयार नव्हती. तिनं मला शेजाऱ्यांच्या कोंबडीची गोष्ट सांगितली. कोंबडी यांच्या माळ्यावर चढून अंडी कशी घालते, आणि त्यावरून दोन घरांत कसं वाजलं. चांगली लांबलचक गोष्ट. मध्येच एखाद्या शब्दावर पोरगी अडायची. अडली की गुडघ्याची खपली खाजवायची, मांजराकडे बघायची, आणि शब्द आला की पुढे. तिचा चेहरा कुठंही पडला नाही. वहिनींचा भाकरी थापणारा हात थांबला नाही. मोहन वालाच्या शेंगा सोलत ऐकत होता. कोंबडीवाल्या काकूंची नक्कल तिनं अशी केली की मी हसता हसता ठसकलो. सोलापुरात आमच्या घरी इतकं बोलणं आठवड्यात होत नाही.

ती खेळायला गेल्यावर मी मोहनला विचारलंच. फार वेळ लागला विचारायला, कारण ‘बाप’ हा शब्द मध्ये येत होता. पोरीला हे बापाकडूनच आलं ना?

“आलं असंल,” मोहन म्हणाला. “नाक पण माझाच हाय.” मग बराच वेळ तो एका शब्दाशी झगडत राहिला, आणि मी नियमाप्रमाणे वाट बघितली. “मी गप बसलो असतो, तर गप बसणं पण माझ्याकडूनच शिकली असती.”

वेलाखाली उभा राहून मी त्या पोरीचा आवाज ऐकत होतो. ती रस्त्यावर कुणाशी तरी कडाक्यानं भांडत होती, अडत होती आणि तरीही भांडणात तीच वरचढ होती. उंबऱ्यावर बसून राहिलेली माझी छकुली मला आठवली. ती तर धडधाकट बोलते. आणि तरी माझ्यासमोर गप्प बसायला शिकली होती.

बोईसर

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहननं मला स्कूटरवरून बोईसर दाखवलं. कारखान्यांची पाळी सुटण्याची वेळ होती. सायकलींचा लोंढाच्या लोंढा, आणि त्यातून येणारी हिंदी, कुठली बिहारची, कुठली उत्तर प्रदेशातली. हवेत एक आंबूस, औषधी वास. मी नाक चोळलं तेव्हा मोहन म्हणाला, दोन दिवसांत कळेनासा होईल. तारापूरच्या बाजूला वीजकेंद्राची उंच चिमणी दिसत होती आणि तिच्या अलीकडे ताडाच्या झाडांना मडकी लावलेली होती. दोन्ही एकाच नजरेत बघून माझं डोकं जरा गरगरलं.

एका टपरीसमोर स्कूटर थांबली. मोहननं मला पुढे केलं. टपरीवाला भय्या माझ्याकडे बघायला लागला, आणि कढईत ढीगभर पोहे.

“प...” मी म्हणालो, आणि दार बंद.

मी शिऱ्याकडे बघितलं. शिराही होता, मेला. भय्यानं माझी नजर बघितली, मोहनकडे बघितलं, आणि चहा ढवळत म्हणाला, “आराम से बोलिए साहब. चाय को भी टाइम है.” मोहननं त्याला फार पूर्वी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं म्हणे की आमच्यासारख्याच्या तोंडून येईपर्यंत काही द्यायचं नाही. मागच्या गिऱ्हाइकांनाही तो हातानं थांबवत होता. शेवटी “पोहे” आले. हळद जास्त, मीठ कमी, शेंगदाणे कच्चे. मी दोन प्लेटी खाल्ल्या.

दातिवरे

तिसऱ्या दिवशी सफाळ्याला उतरून एसटीनं दातिवऱ्याला गेलो. तिथं मंडळाच्या वासंतीताई राहतात. मेलमधून माझी कल्पना अशी झालेली की या कुणी कॉलेजातल्या बाई असणार, कारण लिहितात फार ठाशीव. भेटल्या त्या काष्टा मारलेल्या, डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळीणबाई. बारावीपर्यंत शिकलेल्या. पालघरच्या बाजारात मासळी विकून झाली की त्यांच्या एका गिऱ्हाइकाच्या काँप्युटर क्लासमध्ये जाऊन बसतात आणि मेल लिहितात. क्लासवाल्यानं त्यांच्यासाठी एक कीबोर्ड वेगळा ठेवलाय, कारण माशांच्या वासानं त्याच्यावरून मांजर हलत नाही, असं त्यांनीच मला सांगितलं. सांगताना प्रत्येक दुसऱ्या शब्दाला अडल्या.

किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, कपडे वाळत घालावेत तसे ओळीनं. त्यांच्या पलीकडे समुद्र. चौपाटीवर मी समुद्र बघितलाय, पण तो माणसांच्या आडून. हा सगळाच्या सगळा होता. एका अंगानं खाडी येऊन त्यात मिळत होती, आणि कुठं खाडी संपली नि कुठं समुद्र लागला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी चप्पल काढली. का काढली ते सांगता येत नाही, देवळात काढतो तशी काढली गेली.

होड्या लागल्या, मासळीचे ढीग वाळूवर पडले, बायका गोळा झाल्या, आणि वासंतीताई लिलाव पुकारायला उभ्या राहिल्या. मला त्यांची काळजी वाटायला लागली. एवढ्या घोळक्यात ही बाई कशी बोलणार? आणि त्यांनी आवाज सोडला. काय तो आवाज! चढत जाणारा, ठेक्यात, एकदाही न अडणारा. भाव, माणसांची नावं, मध्येच कुणाला मारलेला टोमणा, सगळं एका श्वासात वाहत होतं. मी आ वासून उभा. आमच्यापैकीच एक बाई, जिला आत्ता ‘मांजर’ म्हणताना घाम फुटला होता, ती सगळा किनारा आवाजानं भरून टाकत होती.

लिलाव संपल्यावर मी अधाशासारखा त्यांच्या मागं लागलो. मला शिकवा हे. मी घरी असंच, ठेक्यात बोलेन, मुलीशीही असंच बोलेन, म्हणजे तिच्या कानावर अडखळणं पडणारच नाही.

त्या हसल्या. मोहनही हसला. हाक मारताना, गाताना आपल्यापैकी पुष्कळांचं अडत नाही, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं, मीच नवा. ताईंनी पाटी खाली ठेवली.

“मंग काय, पोरीला मांडीवर घेऊन लि... लिलाव करशील?” त्या म्हणाल्या. “माझी हाक समद्या बंदराला जाते, भाऊ. पर मी अडत बोलते ना, तवा माझा पोर काम टाकून जवळ येऊन बसतो. मला तो जवळ आलेला आवडतो.”

मग त्यांनी आम्हाला घरी नेऊन तांदळाच्या भाकरीबरोबर ओल्या बोंबलाचं कालवण वाढलं. कडक ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला माणूस मी, ती मऊ भाकरी हातात धरायची कशी इथपासून माझी सुरुवात. आम्ही तिघं बोलत बसलो. कुणी अडलं की बाकीचे दोघं जेवत राहायचे. अशा जेवणाला किती वेळ लागतो ते विचारू नका. माझ्या आयुष्यात माझी सगळीच्या सगळी वाक्यं मी स्वतः संपवली असा तो पहिला दिवस.

सोलापूर

घरी पोचलो तेव्हा आई तांदूळ निवडत होती, शैला आत होती, आणि पोरगी पायरीवर. मी बॅग ठेवली, घरातल्या चौकात मांडी घातली आणि तिच्याकडे बघून म्हणालो, “प...”

ओठ मिटले. पोरगी विजेसारखी पळाली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी मान हलवली. पुन्हा “प...” तर ती पिशवी घेऊन आली. शैला दारात येऊन उभी राहिली. आई म्हणाली, अरे राहू दे, दमून आलायस. मी हातानं सगळ्यांना थांबवलं, टपरीवाल्या भय्यासारखं.

“पल्लवी,” मी म्हणालो.

ती बघतच राहिली. पाच वर्षांत मी तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. मग तिनं अगदी साधं, कुणालाही द्यावं तसं उत्तर दिलं, “काय, बाबा?”

मी म्हणालो, गोष्ट सांगतो, पण एक नियम आहे, माझा शब्द तू पुरा करायचा नाही. तिनं स्वतःचं तोंड स्वतःच्या दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. मी तिला खिडकीची गोष्ट सांगितली, चुकीच्या स्टेशनची, कोंबडीची, मांजर न हलणाऱ्या कीबोर्डची. आईचे तांदूळ निवडून झाले, शैलाचा कुकर झाला, तरी गोष्ट चाललेलीच. पोरगी जागची हलली नाही.

दोन-तीन दिवसांनी दुकानातून आलो तर पल्लवी पायरीवर शेजारच्या पोरींना गोळा करून हीच गोष्ट सांगत होती. हातवारे करून, डोळे मोठे करून. “मग माझे बाबा म्हणाले, उ... उ... उ... उमरोळी!”

आईनं माझ्याकडे बघितलं. “बघ,” ती म्हणाली, “उचललं शेवटी.” शेजारच्या बायकाही बघायला लागल्या. क्षणभर मलाही ते खरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी पायरीवर पोरींच्या मध्ये जाऊन बसलो.

“उमरोळीला नाही अडलो गं,” मी म्हणालो. “उमरोळी सरळ आलं. अडलो ते ब... ब... ब...”

पोरी थांबल्या. पल्लवीनं तोंडावर दोन्ही हात घेतले.

“बोईसरला,” मी म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली, आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.